भंडारदरा: जुलै-ऑगस्ट सोडून कधी जावं?

गवतफूल | २ सप्टेंबर

पंधरा ऑगस्टला आईला घेऊन भंडारदऱ्याला जाऊन आलो. म्हणजे जाऊन आलो असं म्हणायचं एवढंच. घोटी सुटली, बारी गेलं, कळसूबाई ढगात होती तरी आईने अंदाजाने नमस्कार केला. इथवर सगळं ठीक. धरणालगतच्या शेंडी गावाच्या अलीकडे जे अडकलो ते तीन तास. धरण धुक्यात, जलाशय धुक्यात, पुढच्या गाडीतला स्पीकर मात्र अगदी स्वच्छ ऐकू येत होता. शेवटी आईने काच खाली करून विचारलं, "पाणी कुठल्या हाताला आहे तेवढं तरी सांग."

आई ७२ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात. तिचं लहानपण शेंडीत गेलं, आजोबा पाटबंधारे खात्यात होते. लग्नानंतर ती तिकडे फिरकलीच नाही. इतक्या वर्षांनी नेलं आणि दाखवलं काय, तर गाड्यांचे मागचे लाल दिवे.

तेव्हा माझं ठाम मत झालंय की भंडारदऱ्याला पावसाळ्यात जाऊच नये. (घ्या, धागा पेटवून दिला.) आम्ही नाशिकला राहतो, सत्तर-एक किलोमीटर पडतं. पुढच्या वर्षभरात चार-पाच वेळा जायचा विचार आहे. कुठल्या महिन्यात काय असतं? आईला चालायला फार लागू नये आणि पाणी दिसावं, एवढ्याच अटी.

बोका_नंबर_एक | २ सप्टेंबर

आम्हीही त्याच रांगेत होतो. स्पीकर आमचा नव्हता, आधीच सांगून ठेवतो.

नेढ्यातला_वारा | २ सप्टेंबर

ताई, राग गर्दीचा आहे, तो पावसावर काढू नका. हाच ऑगस्ट, फक्त मंगळवार किंवा बुधवार, एवढाच बदल करून बघा. नेकलेस धबधब्यासमोर तुम्ही आणि दोन म्हशी, बाकी कोणी नाही.

तरी शनिवार-रविवारच जमत असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला. धबधबे बारीक होतात पण संपत नाहीत. मुख्य म्हणजे ढग वर उचललेले असतात, त्यामुळे ज्याच्यासाठी गेलो ते दिसतं. धरण तेव्हा काठोकाठ असतं. रतनगडावर सोनकी फुलते, नेढ्यात (माथ्यावरच्या कातळातलं आरपार भोक) बसलं की एका बाजूला जलाशय आणि दुसऱ्या बाजूला कोकण. आईंना गडावर नेऊ नका अर्थातच. पण रतनवाडीच्या अमृतेश्वरापर्यंत गाडी जाते, पायऱ्यांचा त्रास नाही. कोरीवकाम बघत दोन तास कुठे जातात कळत नाही. पुष्करणीच्या काठावर नुसतं बसलं तरी चालतं.

खडीसाखर | ३ सप्टेंबर

वाचतेय. आम्हालाही सासूबाईंना न्यायचंय.

पांजरे_ते_परळ | ३ सप्टेंबर

मी तिथलाच. पोटासाठी मुंबईत असतो, घर पांजऱ्याला.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. लोक हा वेढा पावसाळ्यात एका दिवसात उरकतात आणि सांगतात, भंडारदरा बघितलं. घाटघरला पाऊस कसा असतो ते आमच्याकडे येऊन एक रात्र काढल्याशिवाय कळायचं नाही. घरात कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवतो.

पावसाळ्यात येऊ नका असं मी म्हणणार नाही. त्या दोन महिन्यांत भजी, चहा, मक्याची कणसं यावर कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च निघतो. पण जुलैत आमची आवणी, म्हणजे भातलावणी, चालू असते. पोरींचे फोटो काढायला लोक बांधावरून थेट खाचरात उतरतात, बूट घालून. मागच्या वर्षी एकाने रोपांच्या मुठीच उचलल्या आणि "रील करायचंय" म्हणाला. आमची म्हातारी म्हणाली, कर बाबा, पण ही ओळ पुरी लावून जा. लावली त्याने! वाकडी लावली, पण लावली.

बोका_नंबर_एक | ३ सप्टेंबर

त्या ओळीचा भात वेगळा काढून ठेवा, 'रील तांदूळ' म्हणून दुप्पट भावाने जाईल.

निवृत्त_पाटकरी | ४ सप्टेंबर

धागाकर्तीने पाण्याबद्दल विचारले आहे आणि अजून कोणी पाण्याबद्दल बोललेले नाही, म्हणून लिहितो.

भंडारदरा हे सरोवर नव्हे. प्रवरेवरचे सिंचनाचे धरण आहे. काम १९१० साली सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. साठवण साधारण ११ टीएमसी (अब्ज घनफूट). हे पाणी पर्यटकांसाठी अडवलेले नाही, खालच्या शेतीसाठी आहे. संगमनेर, अकोले, राहाता, श्रीरामपूर, तिकडचा ऊस आणि गहू यावर उभा आहे. हे एकदा ध्यानात घेतले की कोणत्या महिन्यात किती पाणी दिसेल याचे उत्तर आपोआप मिळते.

बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत धरण भरते. ऑक्टोबरपर्यंत पातळी वरच असते. रब्बीचे आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळाने सोडायचे पाणी) सुटले की उतरू लागते, उन्हाळी आवर्तनांत झपाट्याने उतरते. पूर्वी आवर्तन थेट येथून नदीत सुटे. आता खाली निळवंडे आहे, त्यामुळे पाणी आधी तिथे जाते. मे अखेरीस आलात तर काठापासून पाण्यापर्यंत भेगाळलेला गाळ आणि दगडगोटे दिसतील. दरवर्षी कोणीतरी त्याचा फोटो टाकून "भंडारदरा आटले, पर्यावरणाचा ऱ्हास" असे लिहितो. आटलेले नाही, शेताला गेले आहे.

अंब्रेला धबधब्याचेही तसेच. धरणाच्या पायथ्याशी सोडलेले पाणी गोलसर खडकावरून पडते तेव्हा छत्री दिसते. पाणी सोडलेले नसेल तर नुसता खडक. रंधा धबधबाही वरून किती पाणी येते यावरच अवलंबून. जाण्याआधी वर्तमानपत्रात विसर्ग किती क्यूसेक ते बघावे. हॉटेलवाल्याला विचारू नये, तो बाराही महिने "फुल्ल आहे साहेब" म्हणतो.

ता. क. गवतफूल, आपले आजोबा कोणत्या काळात शेंडीला होते?

नेढ्यातला_वारा | ४ सप्टेंबर

काका, "सरोवर नव्हे" हे वाक्य टीशर्टवर छापायला हवं. अप्रतिम प्रतिसाद.

गवतफूल | ४ सप्टेंबर

धन्यवाद काका! आईच्या म्हणण्याप्रमाणे साधारण १९६० ते ७० च्या मधली वर्षं. नक्की साल विचारून सांगते.

निवृत्त_पाटकरी | ४ सप्टेंबर

मग १९६९ साल त्यांना आठवत असेल. धरणाच्या भिंतीला तडे गेले होते. पुढे भिंतीला मागून टेकू देऊन ती बळकट केली. आज खालून बघताना जे जाडजूड बट्रेस दिसतात ते त्यानंतरचे. मी खात्यात नंतर लागलो, पण जुने लोक त्या दिवसांबद्दल आवाज खाली करून बोलत.

तिसरी_घंटा | ५ सप्टेंबर

काजव्यांचा विषय अजून कसा नाही निघाला? मे अखेर ते जूनचा दुसरा आठवडा. जन्मात एकदा तरी बघावंच. अख्खं झाड एकदम लागतं, एकदम विझतं, मग शेजारचं झाड. आम्ही बघितलं तेव्हा माझा सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, याचं बटण कुणाकडे आहे?"

आईंना चालावंही लागणार नाही, रस्त्याच्या कडेलाच दिसतात.

रानहळद | ५ सप्टेंबर

रस्त्याच्या कडेला दिसतात हाच तर घोळ आहे.

नर चमकतो तो मादीला बोलावण्यासाठी. मादी उत्तरादाखल मंद चमकते. आपल्या गाडीचे हेडलाइट, मोबाइलच्या बॅटऱ्या आणि 'इथे ये, इथे खूप आहेत' करत फिरणारे टॉर्च यांच्यात ही बोलाचाली बुडून जाते. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपात जमिनीलगत, गोगलगायी खाण्यात जातो. चमकायचे दिवस मोजकेच, साधारण दोन-तीन आठवडे. जोराचा पाऊस लागला की खेळ संपला. नेमक्या त्याच दिवसांत आपण त्या झाडाखाली घोळका करून जमीन तुडवतो, म्हणजे पुढची पिढीही पायाखाली.

सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशावर वेळेचं बंधन घातलंय, पण शनिवारी रात्री ते पाळायला माणसं पुरतात कुठे?

तिसरी_घंटा | ५ सप्टेंबर

म्हणजे बघूच नये का? मग पोरांना काजवा दाखवायचा कसा, व्हिडिओत? एकदा बघितलेल्या पोराला जंगलाची किंमत तरी कळते. तुमच्यासारख्यांनी सगळंच बंद करायला सांगितलं की लोक तेही ऐकेनासे होतात.

रानहळद | ६ सप्टेंबर

बघू नका असं कुठे लिहिलंय? आठवड्याच्या मधल्या वारी जा. गाडी गावात लावा, दिवे विझवा, डोळ्यांना पंधरा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. बटण कुणाकडे आहे असं विचारणारं पोर हवंच आहे. "अरे लाव ना फ्लॅश" म्हणणारे काका नकोत.

पांजरे_ते_परळ | ६ सप्टेंबर

दोघांचंही खरं आहे. आमच्या लहानपणी काजवे बघायला कोणी येईल असं सांगितलं असतं तर हसलो असतो. सादडा, हिरडा, बेहडा, उंबर, या झाडांवर जास्त असतात. आता त्या आठवड्यात गावात चूल विझत नाही, इतकी माणसं जेवायला. नंतर प्लास्टिकही आम्हीच वेचतो. गावातला वाटाड्या बरोबर घ्या, तो कमी गर्दीच्या झाडापाशी नेतो आणि तुमच्या भावजींना टॉर्च बंद करायला त्याच्या तोंडून सांगता येतं.

कुळीथपिठी | ८ सप्टेंबर

आमची हिवाळ्यातली गोष्ट सांगते. डिसेंबरचा शेवटचा शनिवार. पाण्याकाठी तंबू, 'शांत निसर्गाच्या कुशीत' अशी जाहिरात वाचून गेलो. कँपवाल्याचं नाव लिहीत नाही. कुशीत एकूण साठ-सत्तर तंबू होते आणि प्रत्येक कँपचा वेगळा डीजे. डावीकडच्या कानात लावणी, उजवीकडच्या कानात पंजाबी. नवरा म्हणाला, मधोमध बसलं तर दोन्ही मिळून भजन वाटतं.

रात्री दोनला आवाज थांबला. आणि मग थंडी सुरू झाली. पाण्याकडून येणारी ती थंडी तंबूच्या तळातून वर चढते, पांघरूण कितीही घ्या. चारला उठून बाहेर आले तर वर आकाश असं गच्च भरलेलं, की मी नवऱ्याला हाक मारून उठवलं. तो म्हणाला, "फोटो काढून ठेव, सकाळी बघतो."

पहाटे पाण्यावरून वाफ निघत होती. त्या एका तासासाठी पुन्हा जाईन, पण मधल्या वारी आणि पक्क्या भिंतींच्या खोलीत. सत्तरीच्या माणसाला तंबूत नेऊ नका. तंबूतून उठून उभं राहणं हाच एक ट्रेक आहे.

बोका_नंबर_एक | ८ सप्टेंबर

भावजींचा मी चाहता झालोय.

वळणरस्ता | ९ सप्टेंबर

सांदणबद्दल कोणी बोललं नाही. साम्रदच्या बाजूची ती घळ, दोन्हीकडे दोनेकशे फुटांचे कडे. पावसाळ्यात तिकडे अजिबात फिरकायचं नाही, वरचं पाणी कधी येईल सांगता येत नाही आणि आत पळायला जागा नाही. हिवाळ्यात सुरुवातीच्या डोहात कमरेपर्यंत पाणी असतं, मार्चनंतर बऱ्यापैकी ओसरतं. धागाकर्तीच्या आईंसाठी हे नाही, पण घाटघरचा कोकणकडा त्यांना नक्की दाखवा. गाडी अगदी जवळ जाते. पावसाळ्यात तिथे फक्त पांढरा पडदा दिसतो, जानेवारीत सगळं कोकण पायाशी. घाटघरच्या वीजप्रकल्पाचा वरचा जलाशयही तिथेच. पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं, अशी २५० मेगावॉटची योजना.

खडीसाखर | ९ सप्टेंबर

पाणी खाली सोडून परत वर चढवायचं? आमच्या सोसायटीत हेच चालतं, फक्त वीज तयार होत नाही.

रानहळद | १४ ऑक्टोबर

धागा वर काढते. परवा जाऊन आले. रस्त्याकडेला पिवळी शेतं दिसली की सगळे "सोनकी, सोनकी" म्हणून उतरत होते. ती खुरासणी आहे हो! पेरलेली. तेल काढतात तिचं. सोनकी आपली आपण उगवते, कड्याकपारीला, उतारावर. खुरासणीत शिरून फोटो काढणं म्हणजे कुणाच्या तरी फोडणीवर उभं राहणं.

भात पोटरीतून बाहेर पडलाय, नागली काढायला आलीये. मला विचाराल तर वर्षातले हे सर्वांत सुंदर पंधरा दिवस. कोणाला फारसं ठाऊक नाही, ठाऊक करून देऊ नये असंही वाटतं. आता लिहिलंच.

पांजरे_ते_परळ | १५ ऑक्टोबर

फोडणीचं वाक्य आईला वाचून दाखवलं. खूष.

नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. तेव्हा या, खळ्यावर बसा. काळभात मिळाला तर घेऊन जा. शिजताना वास दारापर्यंत येतो. पीक कमी येतं म्हणून लावणारे थोडे. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना जुनी बियाणी जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, तेव्हापासून घरातल्या मडक्यातल्या बियाण्याकडे पोरं जरा आदराने बघतात.

तिसरी_घंटा | १५ ऑक्टोबर

काळभात कुकरला किती शिट्ट्या?

(पुढचे अकरा प्रतिसाद शिट्ट्या आणि पाण्याचं प्रमाण यावर आहेत, नवीन वाचकांनी उडी मारावी.)

निवृत्त_पाटकरी | १६ ऑक्टोबर

मूळ विषय भात नव्हता.

कुळीथपिठी | १६ ऑक्टोबर

काका, भंडारदऱ्याहून परतताना राजूरला पेढे घ्या म्हणजे राग जाईल.

गवतफूल | ३ मार्च

धागाकर्ती परत आली. मधे दोनदा जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्यांदा नोव्हेंबरच्या मध्यावर, गुरुवारी. रस्ता मोकळा, भात कापून आडवा पडलेला, हवेत पेंढ्याचा वास. जलाशय असा भरलेला की आईला पाणी कुठल्या हाताला हे विचारावं लागलं नाही. अमृतेश्वराला दीड तास बसलो. ती देवळाकडे पाठ करून पाण्याकडे बघत होती.

दुसऱ्यांदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. खरं सांगायचं तर मी जरा नाराज होते. पाणी बरंच उतरलेलं, काठावर तपकिरी पट्टा, डोंगर वाळलेले. तुम्ही कोणी फेब्रुवारी सुचवला नव्हता, त्याचं कारण कळलं. पण आई त्या दिवशी जास्त बोलली. उतरलेल्या काठाकडे बघून म्हणाली, "हे असंच मला आठवतं. भरलेलं धरण बघायला आम्हाला कोण सोडत होतं? पावसात घराबाहेर पाय टाकायचा नाही. आम्ही खेळायचो ते उन्हाळ्यात, याच गाळात."

पाटकरी काका, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. १९६९ आठवतं. ती सोळा वर्षांची होती. आजोबा सलग काही रात्री घरी आलेच नाहीत. आजीने एका पत्र्याच्या ट्रंकेत कपडे, पोथी आणि तांदूळ भरून ती दाराशी ठेवली होती. कशासाठी ते मुलांना सांगितलं नाही. ती ट्रंक बरेच दिवस दाराशी होती आणि येता-जाता सगळ्यांच्या नडग्यांना लागायची. आईने धरणाखाली उभं राहून ते बट्रेस बराच वेळ बघितले. "बरे बांधलेत" एवढंच म्हणाली.

आधीचं विधान मागे घेते. जुलै-ऑगस्टलाही जाऊ, पण बुधवारी.

निवृत्त_पाटकरी | ३ मार्च

ट्रंकेची गोष्ट मी कोठे वाचलेली नाही, ऐकलेलीही नाही. आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची हरकत नसेल तर फोनवर बोलायला आवडेल, संपर्कातून क्रमांक कळवतो.

बोका_नंबर_एक | ३ मार्च

आज विनोद नाही. फक्त हजेरी.

गवतफूल | ४ मार्च

काका, आई तयार आहे, पण आधी "हिशोबाची वही घेऊन बसू का?" असं विचारतेय.

आता पुढची फेरी मे महिन्यात. तिला काजवे नकोत, "ते अंगणात यायचे, त्यात काय बघायचं" म्हणते. तिला करवंदं हवी आहेत. बाजारातली नाहीत, जाळीतून स्वतः तोडलेली. पांजरेकर दादा, कधी यावं?

पांजरे_ते_परळ | ४ मार्च

मेच्या मध्यापासून पुढे. एक-दोन वळीव चालतात, पाऊस लागून पडला की पाणचट होतात. आमच्या घराच्या मागेच जाळी आहे, गाडी दारापर्यंत येते. म्हातारीला सांगून ठेवतो. आईंना म्हणावं, हात घालायच्या आधी काठी आपटा, आणि चिकाचे डाग जात नाहीत, जुनं लुगडं नेसून या.